भूगोलाच्या पदवीचा हिशेब: फी थोडी, वर्षे महाग

३ लाख ४० हजार ८०० रुपये. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या कोंडाणे गावातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने बारावीनंतर तीन वर्षे घालून भूगोलाची पदवी घेतली, तर घराला पडणारी ही किंमत आहे. आकडा मोठा वाटतो, कारण आपण पदवीचा खर्च फीच्या पावतीवरून मोजतो आणि यातला बहुतेक खर्च पावतीवर दिसतच नाही.

मांडणी अशी. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेची फी काही हजारांत असते. वर्षाला ८,००० रुपये धरू. कर्जत, खोपोली किंवा कल्याणला जाणे-येणे, पुस्तके, परीक्षेचे अर्ज, क्षेत्रभेट, मोबाइलचे रिचार्ज असे मिळून आणखी १२,००० धरू. तीन वर्षांचे झाले ६०,०००. उरलेले २ लाख ८० हजार ८०० रुपये म्हणजे हातची गेलेली मजुरी. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये आहे. महिन्याला २५ दिवस काम धरले तर ७,८०० रुपये, वर्षाला ९३,६००, तीन वर्षांचे २,८०,८००. म्हणजे एकूण खर्चात फी, प्रवास आणि पुस्तके यांचा वाटा जेमतेम १८ टक्के. बाकी सगळी किंमत वर्षांची.

महिन्याला २५ दिवस काम मिळते कुठे, असे कोणी विचारेल. बरोबर आहे. भाताची लावणी आणि कापणी सोडली तर गावात सलग काम नसते. मग १५ दिवस धरा. तरीही तीन वर्षांची बुडालेली मजुरी १,६८,४८० रुपये होते आणि एकूण खर्चातला तिचा वाटा ७४ टक्के राहतो. उलट बांधकामावर किंवा फार्महाऊसवर जाणाऱ्याला रोजगार हमीपेक्षा जास्त रोज मिळतो, त्याच्या बाबतीत हा वाटा वाढतो. आकडे आपापल्या घराप्रमाणे बदलून पाहावेत; निष्कर्ष फारसा हलत नाही.

पावतीवरचा खर्च कमी करण्याच्या वाटा आहेत आणि त्या माहीत नसल्याने पैसे जातात, म्हणून थोडक्यात सांगतो. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास घर ते महाविद्यालय या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत मोफत मिळतो. मुलांना ही सोय बारावीपर्यंतच आहे, पुढे विद्यार्थी सवलत. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत असते. कर्जत-खालापुरात ठाकर आणि कातकरी वस्ती मोठी आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून जेवण-राहण्यासाठी थेट बँकेत पैसे येतात; मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ही रक्कम वर्षाला ६०,००० ठरवली गेली होती. या भागाचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पेणला आहे. एवढे सगळे मिळाले तरी वाचतात ते त्या १८ टक्क्यांतले पैसे. वर्षे परत मिळत नाहीत.

म्हणून खरा प्रश्न असा, की त्या वर्षांच्या बदल्यात हातात काय येते?

देशपातळीवरचे चित्र आधी पाहू. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीनुसार पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी ३४.२ टक्के कला शाखेत होते, विज्ञानात १४.८, वाणिज्यात १३.३ आणि अभियांत्रिकीत ११.८ टक्के. दर तीन विद्यार्थ्यांतला एक बी.ए. करतो आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालात तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी २०२२ साली २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. यावरून शिकू नये असा अर्थ काढणे चूक आहे. न शिकलेला गरीब तरुण बेकार राहूच शकत नाही, तो मिळेल ते काम करतो, शिकलेला थांबतो. पण हे थांबणे किती महाग असते, ते घराने आधी मोजायला हवे.

मोजू या. भूगोल घेणारी मुले पदवीनंतर तीन रांगांत उभी राहतात: यूपीएससी-एमपीएससी, तलाठी-ग्रामसेवकासारख्या सरळसेवा भरत्या आणि शिक्षक भरती.

यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केला, ५,८३,२१३ जण पूर्वपरीक्षेला बसले, १४,६२७ मुख्य परीक्षेपर्यंत पोचले आणि १,००९ जणांची शिफारस झाली. बसलेल्या ५७८ जणांत एक. भूगोल या परीक्षेतला जुना, लोकप्रिय ऐच्छिक विषय आहे: २,०२५ पैकी ५०० गुण ऐच्छिक विषयाचे, शिवाय सामान्य अध्ययनात भूगोल वेगळा. एमपीएससीनेही २०२५ च्या राज्यसेवेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक करून हाच साचा घेतला आहे. पण ऐच्छिक विषय म्हणून भूगोल घ्यायला भूगोलाची पदवी लागत नाही. अभियंता घेतो, डॉक्टर घेतो. पदवीमुळे तयारी सोपी होते इतकेच. दार तिने उघडत नाही. 

तलाठी भरती २०२३: जागा ४,६४४, परीक्षा दिलेले ८,६४,९६०. एका जागेमागे १८६ जण. पात्रता कोणतीही पदवी. गाव नकाशा, गट, हद्द, शिवार यांत वावरणाऱ्या या पदासाठी भूगोलाच्या पदवीधराला एका गुणाचेही जादा वजन नाही. वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१००.

शिक्षक भरतीचे गणित यापेक्षा बरेच बरे दिसते. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये झालेली शिक्षक अभियोग्यता चाचणी २,१६,४४३ जणांनी दिली. २०२४ मध्ये शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर २१,६७८ पदे आली, म्हणजे एका पदामागे दहा जण. त्या पदांसाठी ११,०८५ जणांची पहिल्या मोठ्या यादीत शिफारस झाली. त्या हिशेबाने वीसजणांत एक. हा आकडा सगळ्या विषयांचा आणि सगळ्या स्तरांचा मिळून आहे. शिवाय इथवर येणारा प्रत्येकजण बी.एड. किंवा डी.एड.ची चाळण ओलांडून आलेला असतो. भूगोलाच्या पदवीला विषय म्हणून किंमत आहे ती याच वाटेवर. दहावीला भूगोलाची लेखी परीक्षा ४० गुणांची, इतिहास-राज्यशास्त्राची ४० गुणांची. इंग्रजी-गणिताच्या प्रत्येकी शंभर गुणांशी तुलना केली की शाळेत भूगोलाच्या तासिका कमी का आणि एकाच शिक्षकाकडे इतिहासही का येतो, ते कळते.

या वाटेचा पूर्ण हिशेब मांडतो. तीन वर्षे पदवी, दोन वर्षे बी.एड. पदवीचे ३,४०,८०० आणि बी.एड.च्या दोन वर्षांत बुडालेली मजुरी १,८७,२००, बी.एड.ची फी सोडून ५ लाख २८ हजार. नोकरी लागली की पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक. १ जानेवारी २०२३ पासून माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला १८,००० मानधन आहे. त्याआधी ते ८,००० होते. ७,८०० च्या मजुरीपेक्षा महिन्याला १०,२०० जास्त, तीन वर्षांत ३,६७,२००. मग ३८,६०० च्या मूळ वेतनावर नेमणूक. तिथून सहाव्या महिन्यात घातलेले पैसे वसूल. म्हणजे अठराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलगी, एकदाही न अडखळता, सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी बरोबरीला येते आणि पुढची तीस वर्षे फायद्यात राहते. सौदा उत्तम आहे. अडते ते ‘एकदाही न अडखळता’ या शब्दांवर, कारण बी.एड. संपणे आणि भरती निघणे यांचा मेळ बसत नाही.

भरतीची वाट पाहण्यात गेलेले प्रत्येक वर्ष घराला ९३,६०० रुपयांना पडते. तीन वर्षांची फी, प्रवास, पुस्तके मिळून ६०,००० होते. एक वर्ष नुसते थांबणे तीन वर्षे शिकण्याच्या रोख खर्चापेक्षा महाग. चार वर्षे थांबले तर ३,७४,४००, म्हणजे अख्खी पदवी पुन्हा एकदा घेतल्यापेक्षा जास्त. पुण्यात अभ्यासिका, खोली, मेस यांचा खर्च यात धरलेला नाही. माझ्या मते भूगोलाच्या पदवीबद्दलची सगळी चर्चा इथे यायला हवी. पदवी स्वस्त आहे. तिच्यामागून येणारी अनिश्चित वर्षे महाग आहेत आणि त्यांचा विचार पहिल्या वर्षीच करावा लागतो.

आता बंद दारांविषयी, कारण त्यांची माहिती प्रवेश घेताना कोणी देत नाही.

भूमी अभिलेख विभागाने २०२५ मध्ये भूकरमापकाच्या ९०३ जागा काढल्या. जमीन मोजणे, हद्द दाखवणे, नकाशा करणे हे काम. वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२००. पात्रता: स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, किंवा दहावी आणि आयटीआयचा सर्वेक्षक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, सोबत टंकलेखन. भूगोलात एम.ए. केलेला विद्यार्थी या अर्हतेत बसत नाही. दहावीनंतर दोन वर्षे आयटीआय केलेला मुलगा अठराव्या वर्षी बसतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायला भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, केंद्रीय भूजल मंडळातही तेच. राज्याच्या नगररचना विभागात स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नियोजनाची पदवी. भूगोलाच्या पुस्तकात हे सगळे विषय शिकवले जातात आणि नोकरीच्या जाहिरातीत भूगोलाचे नाव नसते. एक दार मात्र उघडे आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असते: नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला भूगोलाची पदव्युत्तर पदवी अनेक संस्थांत चालते. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्येही चालते.

हे वाचून भूगोल घेऊच नये असे वाटेल. तसे मला म्हणायचे नाही आणि त्याचे कारण कोंडाण्याच्या आसपासच दिसते.

या भागाची गेल्या शंभर वर्षांची कमाई भूगोलातूनच आली. घाटमाथ्यावर साठवलेले पाणी खाली सोडून खोपोलीला १९१५ मध्ये वीज सुरू झाली, भिवपुरीला १९२२ मध्ये. भिवपुरीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि कर्जतला उन्हाळी भात पिकतो. बोरघाटातली रेल्वे १८६३ पासून ३७ फुटांना एक फूट अशा चढावर चालते आहे. आजही इथे जे काही येते ते नकाशावरून ठरते. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या, सिडकोच्या नैना क्षेत्राची अधिसूचना २०१३ ची. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग २९.६ किलोमीटरचा, मंजूर खर्च २,७८२ कोटी. माथेरानचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र २००३ पासून. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा ३१ जुलै २०२४ चा मसुदा ५६,८२५.७ चौरस किलोमीटरचा, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर. कोणत्या गावात घर बांधायला कोणाची परवानगी लागेल, खाण चालेल की नाही, जमिनीचा भाव काय होईल, हे या रेषांवर अवलंबून आहे.

खुद्द कोंडाण्याचे धरण घ्या. उल्हास नदीवरच्या या धरणाची उंची ३९ मीटरवरून ७१ मीटर करण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला, खर्च कित्येक पटींनी वाढला, प्रकरण सिंचन घोटाळ्याच्या चौकशीत गेले आणि पुढे धरण सिडकोकडे आले. ३२ मीटर उंची वाढली तर दरीत पाणी कुठवर चढेल, कोणती घरे, कोणते शेत, किती जंगल खाली जाईल? याचे उत्तर समोच्च रेषांच्या नकाशावर मिळते आणि तो वाचायला भूगोलाच्या प्रात्यक्षिकात शिकवतात. हा नकाशा गावात कोणालाच वाचता येत नसेल, तर ग्रामसभेत अधिकाऱ्याने सांगितलेला आकडाच खरा मानावा लागतो.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या या ठाकरवाडीवर दरड कोसळली. रहिवासी २२८. मृतदेह सापडले २७ जणांचे, ५७ जण बेपत्ता, शोध २३ जुलैला थांबवला. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. यादी अपुरी होती. उतार किती, मातीचा थर किती जाड, झरे कुठे फुटतात, झाडी किती, घरे नेमकी कुठे, पाऊस किती तासांत किती पडला, हे सहा-सात थर एकमेकांवर ठेवून पाहणे म्हणजे जीआयएस, आणि हा भूगोलाचा गाभा आहे. यातले काही थर उपग्रहावरून मिळतात. झरे कुठे फुटतात हे वाडीतल्या माणसाला माहीत असते. ही दोन्ही माहिती ज्याच्या डोक्यात आहे असा मुलगा किंवा मुलगी याच तालुक्यांतून तयार होऊ शकते. अशा प्रत्येक तालुक्यात एक नकाशा-अभ्यासक पगारावर नेमायला हवा, असे मला ठामपणे वाटते. २२८ माणसांच्या वाडीतली ८४ माणसे एका रात्रीत गेल्यावर तरी हा खर्च सरकारला जड वाटू नये.

तोवर बाजारात काय आहे? १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने नकाशांवरची बहुतेक बंधने उठवली. २८ डिसेंबर २०२२ ला राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण अधिसूचित झाले. हे क्षेत्र २०२५ पर्यंत ६३,००० कोटींपुढे जाईल आणि दहा लाखांवर लोकांना काम देईल, असा अंदाज सरकारने तेव्हा दिला होता. अंदाजावर घर चालत नाही, पण दिशा खरी आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय भू-अवकाशीय मिशनला १०० कोटी मिळाले. गावठाणांची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीच्या प्रयोगातून सुरू झाली. महापालिका, वीज कंपन्या, पीकविमा, टेलिकॉम, सगळ्यांना नकाशे लागतात. सुरुवातीचे काम कंटाळवाणे असते, नकाशावरच्या रेषा संगणकात गिरवण्याचे, आणि पगारही बेताचा. वर चढतो तो प्रोग्रामिंग आणि आकडेशास्त्र शिकणारा. इथे अभियंत्यांशीही स्पर्धा आहे.

पण शिकण्याचा खर्च पाहा. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची चित्रे दर पाच दिवसांनी फुकट मिळतात. इस्रोचे भुवन २००९ पासून खुले आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क घेते, प्रमाणपत्र देते. लागतो तो लॅपटॉप. ४०,००० धरले तरी एका वर्षाच्या बुडालेल्या मजुरीच्या निम्म्याहून कमी. खासगी संस्थेत जिओइन्फॉरमॅटिक्सची पदव्युत्तर पदवी घ्यायला काही लाख लागतात. त्याआधी हे फुकटचे शिकून आपल्याला हे काम जमते का, आवडते का, ते पाहावे.

नव्या शैक्षणिक धोरणातले चौथे वर्ष करायचे का, हा प्रश्नही याच हिशेबाने सुटतो. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना आहे: तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ची. चार वर्षे केली तर एम.ए. एका वर्षात होते, म्हणजे ३ अधिक २ काय आणि ४ अधिक १ काय, वर्षे पाचच. पाच वर्षांची किंमत वरच्या हिशेबाने ५ लाख ६८ हजार. प्राध्यापक व्हायचे असेल, नेट-सेट द्यायची असेल, तर ती मोजावी. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते आणि जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,०००. पण कायम नेमणूक होईपर्यंत तासिका तत्त्वावर वर्षे काढणारे सेट-नेटधारक आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. ‘नोकरी नाही तर एम.ए. तरी करू’ म्हणून घेतलेली दोन वर्षे घराला १,८७,२०० रुपयांची मजुरी अधिक वरचा खर्च एवढ्याला पडतात. अशा एम.ए.ला माझा स्पष्ट विरोध आहे.

माझा निर्णय असा. ज्या घराला मुलाच्या मजुरीची गरज आहे, त्याने आधी आयटीआयचा सर्वेक्षक अभ्यासक्रम करावा, मोजणीच्या कामाला लागावे आणि पदवी मुक्त विद्यापीठातून घ्यावी. दोन वर्षांत हाताला काम लागते आणि पुढे पदवी लागणाऱ्या परीक्षाही देता येतात. जिला शिकवायची आवड आहे, तिने भूगोल आणि बी.एड. जरूर करावे, पण भरतीची वाट किती वर्षे पाहायची, ते घरात बसून आधी ठरवावे. ज्याला डोंगर, पाणी आणि नकाशा यांची ओढ आहे, त्याने नियमित महाविद्यालयातच भूगोल घ्यावा, पहिल्या सत्रापासून जीआयएस हाताळावे आणि तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प आपल्याच गावावर करावा. आणि नुसत्या स्पर्धा परीक्षेच्या आशेवर भूगोल घेणाऱ्याने ५७८ आणि १८६ हे दोन आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

आई-वडिलांना एक विनंती. प्रवेशाच्या अर्जावर सही करण्याआधी भूगोल विभागात जाऊन विचारा: संगणकांवर जीआयएस शिकवतात का, किती संगणक चालू आहेत, चौथे वर्ष इथेच करता येते का. आणि गेल्या पाच वर्षांत इथून भूगोल घेऊन बाहेर पडलेली मुले आज कुठे काम करतात, त्यांची यादी मागा.